फुली मारली, पुढे काय?

४०३ वजा १५८. तिसरी-चौथीच्या वर्गातलं रोजचं गणित. एका मुलीचं उत्तर येतं ३५५. शेजारच्या मुलाचं येतं २५५. तिसऱ्याचं २४५, म्हणजे बरोबर. दोन फुल्या, एक बरोबरची खूण, वह्या परत, चला पुढचं उदाहरण.

त्या दोन फुल्यांखाली काय आहे ते बघू. ३५५ लिहिणारीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे. आठातून तीन, पाचातून शून्य, चारातून एक. तिला वजा करता येतं, पण हातचा ही गोष्टच तिच्यापर्यंत पोचलेली नाही. २५५ वाल्याला हातचा माहीत आहे. त्याने शतक मोडलं, दशकाच्या घरात दहा आणले. त्यातला एक दशक एककाला दिल्यावर मागे नऊ उरतात, एवढंच त्याच्याकडून सुटलं. मुलीला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन जमिनीवर बसवायला हवं. मुलाला मधे शून्य असलेली चार उदाहरणं सोडवून दिली की काम झालं. दोघांना "पाच वेळा लिहून आण" सांगितलं, तर दोघंही पाच वेळा चुकतील आणि ती चूक पक्की होईल.

आणि २४५ वाला? त्याला विचारा, हे वर लिहिलेले नऊ कुठून आले? "बाईंनी असंच करायला सांगितलंय," असं उत्तर आलं तर त्या बरोबरच्या खुणेवरही विसंबता येत नाही.

एका वहीतलं हे सगळं वाचायला जाणत्या शिक्षकाला मिनिटभर लागतं. ते मिनिट कसं वापरायचं, हे शिकायला मात्र वर्ष-दीड वर्षाचा सराव हवा. तो सराव करून घेणं हे बी.एड. आणि डी.एल.एड. महाविद्यालयांचं काम आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ते होत नाही, अपवाद असतील तर त्यांना नमस्कार. आपण भावी शिक्षकाला गुण मांडायला शिकवतो. मूल कुठे अडलं ते पाहायला आणि त्याप्रमाणे उद्याचा तास बदलायला शिकवत नाही.

कागदावर सगळं आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. शाळेत प्रत्यक्ष राहून शिकायला वीस आठवड्यांची आंतरवासिता आली. परिषदेच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात 'अध्ययनासाठी मूल्यमापन' असा स्वतंत्र विषयही आला. विषयाचं नाव नेमकं आहे. परीक्षेत मात्र विचारतात: आकारिक आणि संकलित मूल्यमापनातील फरक स्पष्ट करा. विद्यार्थी आठ मुद्दे लिहितो, पास होतो आणि शिक्षक होतो. दोन वर्षांत एकाही मुलाच्या एकाही चुकीपाशी तो पाच मिनिटं थांबलेला नसतो.

प्रात्यक्षिकं आहेत की, असं प्राध्यापक म्हणतील. आहेत, आणि कशी आहेत तेही सांगतो. घटक चाचणीचं प्रात्यक्षिक घ्या. आधी संविधान तक्ता: ज्ञानाला इतके टक्के, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके. मग प्रश्नपत्रिका, उत्तरसूची, गुणदान योजना. चाचणी होते, गुण मांडले जातात, सरासरी निघते, मध्यांक निघतो, रंगीत आलेख काढला जातो. शेवटी निष्कर्ष: वर्गाची संपादणूक समाधानकारक आहे. फाइल बांधून महाविद्यालयात जमा. ज्या मुलांनी ती चाचणी दिली, त्यांच्या उत्तरपत्रिकाही अनेकदा त्याच फाइलीत टाचलेल्या असतात. मुलाला आपला कागद परत मिळत नाही, चूक कळत नाही आणि सुधारायची संधीही मिळत नाही. त्याने पाऊण तास खर्च केला तो छात्रशिक्षकाच्या दहा गुणांसाठी. नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन या प्रात्यक्षिकाचं तर नावच सांगतं की आधी निदान, मग उपचार. बहुतेक फायलींत निदानाची पानं भरपूर असतात आणि उपचार अर्ध्या पानात उरकलेला असतो.

सरावपाठ बघा. पाठ टाचणाच्या अखेरीस 'मूल्यमापन' असा रकाना असतो. पाठ व्हायच्या आदल्या रात्री त्यात प्रश्न लिहिले जातात आणि समोर मुलांची अपेक्षित उत्तरंही. वर्गात प्रश्न विचारला जातो. तिसऱ्या बाकावरचं मूल चुकीचं उत्तर देतं. छात्रशिक्षक घाबरतो, कारण मागे मार्गदर्शक निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलेले असतात. मग येतं ते वाक्य: "दुसरं कोण सांगेल?" पुढच्या बाकावरचा हात वर होतो, अपेक्षित उत्तर मिळतं, पाठ पुढे सरकतो आणि शेरा पडतो: प्रश्नांचे वितरण चांगले. मी मागच्या बाकावर बसून असे पाठ पाहिले आहेत आणि दर वेळी त्या तिसऱ्या बाकाकडे बघत राहिलो आहे. त्या मुलाने शिक्षकाच्या हातात तासातली सगळ्यात मोलाची माहिती दिली होती. शिक्षकाने ती ऐकलीच नाही, आणि न ऐकल्याबद्दल त्याला चांगले गुण मिळाले.

"दुसरं कोण सांगेल?" हे वाक्य अध्यापक महाविद्यालयांतून हद्दपार करायला हवं. त्याच्या जागी साधं "तुला असं का वाटलं?" शिकवावं. सुरुवातीला पाठ लांबेल, टाचणातला शेवटचा प्रश्न राहून जाईल. जाऊ दे.

हे दुखणं आजचं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी, ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, प्रशिक्षित शिक्षक मागितले आणि ते शेतकरी समाजातून यावेत असं म्हटलं. त्याच निवेदनात परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत त्यांनी नाकारली. गोरगरिबांमध्ये शिक्षणाची गोडी अजून रुजायची आहे, तिथे ही पद्धत चालणार नाही, हे त्यांचं म्हणणं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात खेड्यांसाठी शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज उभं केलं. शाळा काढायच्या तर आधी शिक्षक घडवायला हवा, हे या जिल्ह्याला नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज आलं. इतकी पुंजी असलेल्या जिल्ह्यात मूल्यमापन म्हणजे फाइल हे समीकरण रूढ व्हावं, याची मला लाज वाटते.

राज्याने प्रयत्न केला नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तो निर्णय नीट वाचला तर शहाणा आहे. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार आणि संकलित परीक्षेला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनतंत्रं दिली. लहान मुलाकडे रोज बघा, वर्षाअखेरीच्या कागदाला कमी मोजा, असा त्याचा सरळ अर्थ.

पण रोज बघायचं कसं, हे शिक्षकाला कुणी शिकवलं? 'वर्णनात्मक नोंदी' लिहायला सांगितल्या आणि वर्षभरात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. पुढे त्याच नोंदी मोबाइलवर फिरू लागल्या. 'आपले विचार स्पष्ट शब्दांत मांडतो.' 'कवितेचे तालासुरात गायन करते.' एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव घातलं तरी फरक पडत नाही, अशा नोंदी. शिक्षकांना आळशी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ज्याला बघायला कधी शिकवलंच नाही, तो बघितल्याची नोंद कुठून आणणार? तो विकतच आणेल.

आणि याच सातारा जिल्ह्यात उत्तर सापडलंही होतं. कुमठे बीट. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. मुलं जमिनीवर, गटागटात, हातात वस्तू. शिक्षक मधे वाकून ऐकतायत, कोण कुठे पोचलंय ते त्यांना ठाऊक. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय निघाला आणि राज्यभरातून शिक्षक कुमठ्याच्या शाळा बघायला आले.

बघून काय नेलं? अनेकांनी फरशीवरचे रंगीत चौकोन नेले. आकडे, अक्षरं, सापशिडी, सगळं गावोगावच्या फरश्यांवर रंगवून झालं. रंगाला माझी ना नाही. पण कुमठ्यात नेण्यासारखं होतं ते वाकून ऐकणं, आणि ते फोटोत येत नाही. पुढे मुलांच्या चाचण्यांवरून शाळा प्रगत झाल्याच्या याद्या निघू लागल्या, आकडे वर जाऊ लागले आणि मागे राहिलेलं मूल दाखवणं शिक्षकाला अडचणीचं झालं. जी चाचणी मूल शोधायला आली होती, तिच्यापासूनच मूल लपवावं लागलं. दोन्ही जिल्ह्यांतल्या किती अध्यापक महाविद्यालयांनी आपल्या छात्रशिक्षकांना कुमठ्याच्या एखाद्या वर्गात आठवडाभर नुसतं ऐकायला बसवलं? एक दिवसाची सहल आणि अहवाल मी धरत नाही.

सांगलीकडे या. जत तालुक्यात कित्येक घरांत कन्नड बोलतात. त्यातली काही मुलं मराठी शाळेत येतात. बाई सांगतात 'त्रेसष्ट' आणि मूल लिहितं ३६. फुली. पण मराठीत तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. कन्नडमध्ये त्याच संख्येला 'अरवत्तमूरु' म्हणतात: साठ आधी, तीन नंतर, जसं लिहितात तसं. घरात ऐकलेला क्रम इथे उलटा होतो. मराठी घरातलं मूलही ३६ लिहितं, कारण ते ऐकल्या क्रमाने लिहितं. दोघांची चूक एकच दिसते, वाट वेगळी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना सोपं जावं म्हणून हे केलंय. त्या वादात भाषेच्या अभिमानावर रकाने भरले. दुसरीतली मुलं नेमकी कुठे अडखळतात, याच्या वह्या घेऊन कुणी पुढे आलं नाही. आणता आल्या असत्या तर त्या जतच्या शिक्षकालाच.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. छाटणीनंतर ठरल्या दिवशी तो पानांचे देठ गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतो. अहवालात बाग पास की नापास असं येत नाही. नत्र जास्त, पालाश कमी, अमुक द्या, तमुक थांबवा, असं येतं, आणि हंगाम हातात असतानाच येतं. बाग उतरल्यावर देठ तपासून काय करायचं? वर्गातल्या मूल्यमापनाकडून मी एवढंच मागतो आहे.

जगातही हे नवं नाही. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त त्यांच्या कामावरचा शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे सरकली. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, ती केवळ गुण मिळालेल्या मुलांसारखीच राहिली. आकडा दिसला की मूल शेरा वाचत नाही. दहा वर्षांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि सांगितलं की वर्गातलं रोजचं मूल्यमापन सुधारलं तर शिकणं सुधारतं, आणि सर्वाधिक फायदा मागे पडलेल्या मुलांना होतो. आपल्या वह्यांवर शेरा असतो तो 'छान' किंवा 'अक्षर सुधारा'. बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्याला तरी आपले प्राध्यापक काय देतात? पन्नासपैकी बेचाळीस. आठ कुठे गेले, ते त्यालाही कळत नाही.

यातलं खरं कसब दुसऱ्या प्रश्नात आहे. सहावीत विचारा: ०.६ मोठा की ०.४५? काही मुलं ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. ती चूक लगेच दिसते. पण ०.६ म्हणणाऱ्यांतही काही जण असतात ज्यांनी मनाशी नियम केलेला असतो की दशांशचिन्हापुढे अंक कमी म्हणजे संख्या मोठी. उत्तर बरोबर, समज चुकीची. त्यांना पकडायला दुसरा प्रश्न हवा: ०.६ मोठा की ०.७३? आता ती ०.६ म्हणतील. पहिल्या उत्तरानंतर हा दुसरा प्रश्न सुचणं, त्याच क्षणी सुचणं, हे शिकवता येतं. प्रत्येक विषयात अशी पंधरा-वीस ठिकाणं असतात. झाडं दिवसा श्वसन करत नाहीत असं मानणारा आठवीचा मुलगाही त्यांपैकीच एका ठिकाणी उभा असतो.

"साठ पोरांत एवढं कुठे बघत बसायचं?" हा प्रश्न खोटा नाही. कऱ्हाड, मिरज, सांगली शहरांतल्या माध्यमिक वर्गांत तो अगदी खरा आहे. तिथे रोज पाच वह्या वाचा, पंधरवड्यात वर्ग फिरून होतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात उलटी गत: मुलं मोजकी, पण दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता आणि शिवाय मतदार याद्या. तिथे मुलं कमी म्हणून बघणं शक्य आहे, फक्त बाकीची कामं काढून घ्या. हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर मधेच येणारं मूल तर कुठल्याच चाचणीच्या वेळापत्रकात बसत नाही. ते काय वाचू शकतं, हे पहिल्याच दिवशी शेजारी बसवून बघावं लागतं: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. 'असर'च्या पाहणीत स्वयंसेवक २००५ पासून घरोघरी जाऊन नेमकं हेच करतात. छात्रशिक्षकाला ते का येऊ नये?

परीक्षा मात्र वाढत चालल्या आहेत. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. शिक्षक व्हायचं तर पात्रता परीक्षा, त्यावर दोनशे प्रश्नांची अभियोग्यता चाचणी. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. यातल्या एकाही परीक्षेत उमेदवारासमोर मुलाची खरी वही येत नाही. चार पर्यायांतून बरोबर व्याख्या निवडणारा माणूस तिसऱ्या बाकाकडे वळेल, याची खात्री त्या गुणांवरून मिळत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांची बी.एड. महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाकडे आहेत. आंतरवासितेच्या वीस आठवड्यांत दर आठवड्याला पाच मुलांच्या वह्या छात्रशिक्षकाने वाचाव्यात आणि प्रत्येकाबद्दल तीन ओळी लिहाव्यात: याला काय येतं, कुठे अडलं, उद्या मी काय करणार. मार्गदर्शकाने पहिल्या दिवसाचा पाठ बघायची गरज नाही, दुसऱ्या दिवसाचा बघावा. कालच्या वह्यांमुळे आजचा पाठ बदलला का, एवढंच तपासावं. बदलला नसेल तर सुंदर फळ्याला गुण देऊ नयेत. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकाने फाइल बाजूला ठेवावी आणि कधी न पाहिलेलं, चुकांनी भरलेलं एक पान विद्यार्थ्यापुढे सरकवून विचारावं: या मुलाला पुढचा प्रश्न कोणता विचाराल?

ही पानं कुठून आणायची? सातारा जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणला आहे, सांगलीची सांगलीत. दोघींनी आपापल्या जिल्ह्यातून, मुलांची नावं झाकून, खऱ्या चुकांच्या पानांचा संग्रह करावा आणि डी.एल.एड., बी.एड. दोन्हींकडच्या प्रत्येक महाविद्यालयाला तो द्यावा. जतच्या कन्नड घरातल्या मुलांची पानं त्यात हवीत, वाळव्याच्या साखर कारखान्याच्या तळावरून आलेल्यांची हवीत, कोयनेच्या खोऱ्यातली हवीत. भाषा, गणित, विज्ञान, प्रत्येकी पन्नास पानं धरली तरी सुरुवातीला पुरेशी आहेत. चुकलेली पानं हवीतच, पण २४५ लिहिलेली दहा-बाराही घाला.